व्हेरियस, व्हेरीड आणि फरकबाई

आमच्या इंग्रजीच्या बाईंसमोर ‘सेम’ म्हणायची चोरी होती. बाकीच्या तासांना हा शब्द दिवसभर वर्गात उड्या मारायचा, पण बाई आत आल्या की तो दप्तरात जाऊन बसायचा. कुणी चुकून म्हणालंच, “बाई, माझं उत्तर हिच्यासारखंच आहे, सेम,” की बाई हातातला खडू खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि अगदी गोड आवाजात विचारायच्या, “सेम? बरं. फरक काय?” मुलगी म्हणायची, फरक नाहीच बाई. मग बाई म्हणायच्या, “म्हणजे तू नीट बघितलं नाहीस. बस खाली आणि परत बघ.” त्या परत बघण्यात कधी कधी अख्खा तास जायचा आणि धडा राहायचा तिथेच.

शाळेने त्यांचं नाव फरकबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात ‘फरकबाई’ लिहून ठेवलं, तेव्हा आम्ही श्वास रोखून बसलो. बाईंनी ते वाचलं, शेजारी स्वतःचं खरं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “आता या दोन बायकांमधला फरक सांगा.” ज्या मुलीने ते लिहिलं होतं तिलाच हसू आवरेना, आणि ती पकडली गेली.

मी कोण ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मी हर्षा. माझ्या आधी काही मिनिटं वर्षा आली, म्हणून ती थोरली. आम्ही जुळ्या. ठाकुर्लीला राहायचो, शाळा डोंबिवली पूर्वेला, मराठी माध्यमाची. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत होते, गाव संगमेश्वरकडचं. आम्हा दोघींचे कपडे एकाच ताग्यातले, रिबिनी एकाच रंगाच्या, वाढदिवसाचा केक एक. एकीला खोकला झाला की औषध दोघींना पाजायचं, कारण दुसरीला होणारच आहे! शेजारच्या काकू आम्हाला एकाच दमात ‘वर्षाहर्षा’ म्हणायच्या. जिन्यात एकटी भेटले तर विचारायच्या, “कोण गं तू, वर्षा की हर्षा? बरं जाऊ दे, आईला सांग मिक्सर हवाय.” ते ‘जाऊ दे’ मला असं काही झोंबायचं म्हणून सांगू! वर्षाला नाही झोंबायचं. ती शांतपणे आईला मिक्सरचं सांगायची.

आठवीत बाई आम्हाला पहिल्यांदा आल्या. आम्ही सवयीप्रमाणे एका बाकावर, खांद्याला खांदा लावून. बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि पहिली गोष्ट ही केली, की आम्हाला वेगवेगळं बसवलं. मला पुढे खिडकीशी, वर्षाला मागे, भिंतीच्या बाजूला. कारण विचारलं तर म्हणाल्या, “दोघींना एकदम बघितलं की एकही दिसत नाही.” वर्षा त्या दिवशी डबा न खाता रडली. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मी मनातून उड्या मारत होते. बाईंनी मला हाक मारली की ती नुसती ‘हर्षा’ अशी असायची, पुढेमागे काही चिकटलेलं नाही, आणि मी त्या हाकेसाठी दिवसभर हात वर करून बसायचे. उत्तर येवो न येवो, हात वर. “हर्षा, खाली घे हात, खांदा निखळेल,” असं त्या म्हणायच्या, तेही मला आवडायचं.

बाईंचा हा फरकाचा नाद वर्गापुरता नव्हता. डोंबिवलीत त्या एका मॅचिंग सेंटरमध्ये जायच्या. साडीवरच्या ब्लाउजपीसचं दुकान. तिथला दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की नोकराला सांगायचा, “दार उघडून ठेव, उन्हातल्या बाई आल्या.” एकदा त्यांच्या पिशव्या धरायला मी बरोबर होते. साडी होती शेवाळी. दुकानदाराने कापडाचा तुकडा साडीवर टाकून आत्मविश्वासाने सांगितलं, “घ्या बाई. सेम टू सेम.” झालं! बाईंनी साडी आणि कापड दोन्ही उचललं, दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि भर रस्त्यात, रिक्षांच्या मधोमध, उन्हात धरलं. मागून हॉर्न वाजतायत, एक रिक्षावाला ओरडतोय, “ओ मावशी, घरी जाऊन बघा ना!” बाई शांत. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “बघ, ट्यूबलाइटखाली एक होते. आता यातल्या एकात पिवळं जास्त आहे. दिसलं?” मला दिसलं. आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. दुकानदाराने आणखी कापडं काढली आणि बाईंनी शेवटी पहिलंच घेतलं. मी म्हटलं, बाई, मग एवढा खटाटोप? तर म्हणाल्या, “फरक कळला, चालवून घेतला. न कळता चालवून घेण्यात मजा नाही.”

पण मला जन्मभर पुरलेला धडा फराळाचा. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा इंग्रजीच्या एका उताऱ्यात दोन शब्द आले, व्हेरियस आणि व्हेरीड. गाइडमध्ये दोन्हींचा अर्थ एकच दिला होता, ‘विविध’. एका मुलीने नेमकं तेच वाचून दाखवलं आणि वर जोडलं, “म्हणजे सेमच आहे, बाई.” आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. पण बाईंनी त्या दिवशी ‘फरक काय’ विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “उद्या प्रत्येकीने घरून एक चकली आणायची. घरी केलेली. एकच.”

दुसऱ्या दिवशी वर्गाला तळणीचा वास. बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि प्रत्येकीने आपली चकली त्यावर आणून ठेवली. वर्षाने आणि मी मिळून एकच चकली आणली होती, कारण आई म्हणाली, घर एकच ना तुमचं. बाईंनी भुवई उंचावली, पण सोडून दिलं. मग बघणं सुरू झालं. कुणाची काटेरी, कुणाचे काटे तेलात विरघळलेले, कुणाची लालभडक, कुणाची पांढरट, एकीची इतकी मऊ की उचलताच मान टाकली. कोकणातली घरं वेगळी कळत होती, देशावरची वेगळी. एका मुलीने दुकानातली आणली होती आणि ती कबूल करत नव्हती. बाईंनी ती उचलली, म्हणाल्या, “ही मशीनची दिसतेय. हिच्यासारख्या हजार असतील. हिला तू सेम म्हण, मी काही बोलणार नाही.” वर्ग खदखदून हसला, ती मुलगीसुद्धा.

मग बाई म्हणाल्या, “या व्हेरियस चकल्या. सगळ्या चकल्याच. पण ही हिच्यापासून वेगळी, ती तिच्यापासून. एकेक उचलून दाखवता येते. कळलं?” कळलं. त्यांनी आपल्या पिशवीतून एक ताट काढलं. शेजारणीने दिलेलं असणार, कारण बाईंना स्वतःला पाणी उकळण्यापलीकडे काही येत नव्हतं. ताटात चिवडा, बेसनाचा लाडू, शंकरपाळे, करंजी आणि कडबोळी. “आणि हे ताट व्हेरीड. ताट एक. पण त्याच्या आत बघा, गोड आहे, तिखट आहे, मऊ आहे, माझे दात पाडेल असंही आहे. व्हेरियस म्हणायला अनेक वस्तू लागतात. व्हेरीड असायला एकीलाही चालतं, फक्त तिच्या आत बघावं लागतं.” मागून कुणीतरी विचारलं, “बाई, हे परीक्षेत येतं का?” बाई म्हणाल्या, “नाही येत. म्हणूनच शिकवलं, परीक्षेतलं गाइडमध्ये आहे.” मग सगळ्या चकल्या आम्ही फस्त केल्या, मशीनचीही.

आज मी ठाण्याच्या नौपाड्यात एका भाषांतराच्या ऑफिसात काम करते. दिवसभर मिक्सर, गिझर आणि विमा पॉलिसी यांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणि उलट करते. कुणी नवीन मुलगा ‘व्हेरियस’ आणि ‘व्हेरीड’ची सरमिसळ करतो, तेव्हा माझ्या नाकात तळणीचा वास येतो. मुलाला वाटतं मॅडम चिडल्या. त्याला काय माहीत, मॅडमना भूक लागली आहे.

दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या घराने जो पराक्रम केला तो आमच्याच घराला सुचू शकतो. मला त्याच आठवड्यात गालगुंड झालं. एक गाल लाडवासारखा टम्म. बाबा म्हणाले, “असल्या तोंडाचा फोटो बोर्डाला पाठवायचा? बोर्ड काय म्हणेल?” आणि ते वर्षाला घेऊन स्टुडिओत गेले, तिचा फोटो काढला, त्याच्या प्रती केल्या आणि दोघींच्या फॉर्मवर चिकटवून टाकल्या. बाबांना यात काही गैर वाटलं नाही. आईला नाही वाटलं. इतकंच काय, मला आणि वर्षालाही नाही वाटलं! एकीचा काढला म्हणजे दोघींचा झाला, असाच आमच्या घरचा हिशोब होता.

बाई आमच्या वर्गशिक्षिका. फॉर्म तपासताना त्यांनी दोन्ही समोर ठेवले आणि आम्हाला स्टाफरूममध्ये बोलावलं. “हा फोटो कुणाचा?” वर्षाचा. “आणि हा?” वर्षा हळूच म्हणाली, “तोही माझाच.” शेजारच्या गणिताच्या सरांनी मान वर न करता सांगितलं, “अहो बाई, जाऊ द्या ना, कुणाला कळणारेय?” बाई सरांवर ओरडल्या नाहीत, आमच्यावरही नाही. त्या खुर्चीवरून उठल्या, मला म्हणाल्या, “चप्पल घाल,” आणि मधल्या सुट्टीत मला हाताला धरून स्टेशनजवळच्या त्याच स्टुडिओत घेऊन गेल्या.

फोटोवाला मला बघून म्हणाला, “गेल्याच आठवड्यात काढला की हिचा!”

“तो हिचा नव्हता.”

“अहो बाई, सेम तर आहे.”

बिचारा! मला त्याची दया आली. बाईंनी त्याला त्याच्याच दुकानाच्या भिंतीवरच्या नवरानवरींच्या फोटोंसमोर उभं केलं आणि प्रत्येक नवरीच्या हसण्यातला फरक सांगायला लावला. मग त्याने निमूटपणे माझा फोटो काढला. सूज थोडी उरली होती. माझ्या दहावीच्या हॉलतिकिटावर माझा एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. पण तो माझा गाल आहे, वर्षाचा नाही. परतताना बाईंनी मला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि गालगुंड झालेल्या मुलीला गोळा द्यायचा नसतो हे त्यांना तो संपल्यावर आठवलं.

निकाल लागला. दोघींना चांगले मार्क मिळाले, आणि बाबांनी जाहीर केलं, दोघी कॉमर्सला, डोंबिवलीतच, एकाच कॉलेजात. मला आर्ट्सला जायचं होतं. इंग्रजी घ्यायचं होतं, आणि त्यासाठी ठाण्याचं कॉलेज हवं होतं. मी तीन वेळा सांगून पाहिलं. बाबा रागावले असते तर मला भांडता आलं असतं. पण ते रागावत नव्हते, नुसते घाबरत होते. “दोघी बरोबर असलात की माझं कामावर डोकं शांत असतं गं,” एवढंच म्हणायचे. मला वाटलं, संपलं. आता पुढची सगळी वर्षं मी वर्षाहर्षाच राहणार, लग्नसुद्धा दोन भावांशी लावून देतील. हसू नका, आमच्या एका आत्याने तसं स्थळ खरंच सुचवून ठेवलं होतं.

मी बाईंकडे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. ठाकुर्लीला, न कळवता, पिशवीत छत्री खोचून. बाबा त्या दिवशी कधी नव्हे ते कामावरून लवकर आले होते, बनियनवर होते, त्यांची धावपळ उडाली. “बसा बसा बाई. अगं, चहा टाक.” बाई बसल्या. मला वाटलं, आता भाषण होणार. पण बाईंनी बाबांना विचारलं, “भाऊ, मला एक सांगा. या दोघींतली पालीला कोण घाबरते?”

बाबा हसले. “दोघी.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “पालीला हर्षा. वर्षा झुरळाला.”

“बरं. चहात साखर कमी कोण घेते?”

“दोघी नॉर्मलच घेतात,” बाबा म्हणाले.

“वर्षा कमी घेते,” आई आतून. “आठवीपासून.”

“आजारी पडली की कोण आईला जवळ बसवून घेते, आणि कोण भिंतीकडे तोंड करून झोपते?”

आता बाबा आईच्या आवाजाची वाट पाहू लागले. पण आई नुसती दारात येऊन उभी राहिली. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे, सावकाश. “माझ्या कधी लक्षातच नाही आलं हो,” ते म्हणाले. आवाज इतका पडलेला, की मला बाईंचाच राग आला.

बाईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही अंधारात जाता आणि अंधारात येता. तुम्हाला दोघी झोपलेल्याच दिसतात. झोपलेली माणसं सगळी सारखीच.” बाबा थोडे सावरले. मग बाईंनी मला विचारलं, “तुला काय हवंय? नीट सांग.” मी सांगितलं. नीट नाही, भडाभडा सांगितलं. ठाणे, इंग्रजी, पुढे काय, नोकरी कसली, सगळं एका दमात. वर्षा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचं कॉमर्स ठरलेलंच होतं.

“पण बाई, ठाण्याला ही एकटी जाईल कशी?” बाबा म्हणाले.

“घाबरत जाईल. थोडे दिवस. मग नाही घाबरणार.”

“आणि मी?”

“तुम्हीही थोडे दिवस घाबराल,” बाई म्हणाल्या. “तुमचे जरा जास्त दिवस जातील.”

बाबा हसले, आणि माझं ठाणं ठरलं. पहिला आठवडा बाबा रजा टाकून मला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवायला आले. दुसऱ्या आठवड्यात ठाकुर्ली स्टेशनपर्यंत. त्यानंतर घराच्या दारापर्यंत. बाईंनी म्हटलं होतं तसंच झालं, माझी भीती आधी गेली.

तुम्हाला वाटेल, बाई म्हणजे सगळा वेळ बारीक नजरेने जग तपासत बसणाऱ्या करड्या बाई. छे! त्यांच्याच शब्दात सांगायचं तर बाई व्हेरीड होत्या. क्रिकेटची मॅच असली की पेपर तपासणं बाजूला ठेवून अंपायरला नावं ठेवायच्या. गळा अजिबात नव्हता, तरी शाळेच्या प्रत्येक प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्याने गायच्या आणि शेवटची ओळ नेहमी सगळ्यांच्या आधी संपवायच्या. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणायच्या. कुत्र्यांना घाबरायच्या, इतक्या की एकदा कुत्रं दिसलं म्हणून भाजीवालीच्या गाडीमागे लपल्या आणि तिथल्या तिथे तिला आजच्या आणि कालच्या मेथीतला फरक विचारू लागल्या, म्हणजे आपण लपलोय असं वाटू नये. लग्न केलं नव्हतं. का, ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही ते सांगण्यासारखं मानलं नाही. त्यांच्या ब्लॉकमध्ये पुस्तकं, छत्र्या आणि रद्दीचे गठ्ठे होते. आणि आमच्यासारख्या जुन्या मुली. शनिवारी कुणी ना कुणी असायचंच.

गुडघे गेले, डोळे अधू झाले, तेव्हा भाच्याने त्यांना टिटवाळ्याला आपल्याकडे नेलं. नवीन इमारत, सहावा मजला, लिफ्ट. बाई तक्रार करायच्या, “इथल्या सगळ्या बिल्डिंगी सेम दिसतात,” आणि मग स्वतःच जीभ चावायच्या. मी महिन्या-दीड महिन्याने जायचे. वर्षा कल्याणला बँकेत, सासरही तिथलंच, टिटवाळा तिला माझ्यापेक्षा जवळ. पण ती कधी गेली नव्हती. मी विचारलं की म्हणायची, “तू जातेस ना, तेवढं पुरे. माझा नमस्कार सांग.” मी सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा माझा घसा पार बसला होता. ऑफिसातला एसी. आवाज फुटत नव्हता. भाच्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत सांगितलं, “मावशी, त्या जुळ्या बहिणींपैकी एक आल्यात.” बाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांना आता समोरचं माणूस म्हणजे एक आकार दिसायचा, बाकी कामं कान करायचे. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरला आणि मी काही बोलेन म्हणून थांबल्या. मी काय बोलणार? मी घशाला हात लावून नुसती हसले, जे त्यांना दिसलं नाही.

“वर्षा,” बाई म्हणाल्या, “आलीस शेवटी.”

सगळ्या जगाने मला वर्षा म्हटलं होतं, काकूंनी, दुकानदारांनी, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा एकदा. बाईंनी कधीच नाही. मी कशीबशी आवाज काढून सांगणार होते, बाई, मी हर्षा. पण बाईंनी माझा हात घट्ट दाबला होता आणि त्या बोलायला लागल्या होत्या.

“बरं झालं आलीस. मला तुझ्याशी बोलायचंच होतं. तुझी बहीण येते, खूप बोलते, तिच्या बडबडीत माझी दुपार मजेत जाते. पण तू मागच्या बाकावरून कधी बोलली नाहीस, आणि मीही तुला कधी पुढे बोलावलं नाही. तिचा हात सारखा वर असायचा ना! तुम्ही दोघी वेगळ्या आहात, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. मग काय केलं मी? एक बोलकी, एक गप्प, झाला फरक. तुझ्या एकटीच्या आत काय काय असेल, ते बघायचं राहून गेलं. वर्गाला ताट दाखवलं आणि मी मात्र चकल्याच मोजत बसले.”

मला रडू येत होतं आणि ते आवाजात कळू नये म्हणून मी श्वास धरून बसले.

“तुझ्या घरी आले, तिला विचारलं, तुला काय हवं. तू चहा घेऊन उभी होतीस. तुला विचारलंच नाही. आता विचारते. तुला कॉमर्स हवं होतं का गं?”

आता काय करायचं? समोर ऐंशीच्या घरातली म्हातारी बाई, डोळे गेलेले, इतक्या वर्षांचा सल घेऊन बसलेली. तो सल मला एका वाक्यात काढून टाकता येत होता. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, “हो बाई. मला कॉमर्सच हवं होतं.”

बाईंनी कान माझ्याकडे वळवला. माझा हात त्यांच्या हातात तसाच. मग त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली.

“हर्षा?”

“हो, बाई.”

“घसा बसलाय होय तुझा! तरीच.” आणि त्या अशा हसल्या की भाचेसून आतून बघायला आली. मला हायसं वाटलं. पण हसू ओसरल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “प्रश्न तुला नव्हता. दुसरीचं उत्तर तू द्यायचं नाही. तिला विचारून ये.”

मी खाली उतरून बिल्डिंगच्या फाटकातूनच वर्षाला फोन लावला. होता नव्हता तेवढा आवाज काढून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“वर्षा? काय सांगू त्यांना?”

“तू काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “रविवारी मी जाते.”

“मीही येते. मला सुट्टीच आहे.”

“नको.”

माझ्या बहिणीने मला आयुष्यात कशालाही सरळ ‘नको’ म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मी फोनकडे बघतच राहिले.

ती गेली. रविवारी दुपारी गेली आणि संध्याकाळ उलटल्यावर परतली, असं मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. नंतरही ती जात राहिली, हे मला भाच्याच्या बायकोने सांगितलं. मी गेले की बाई मला क्रिकेटचं विचारायच्या, ऑफिसातले शब्द विचारायच्या, माझ्या भाषांतरातल्या चुका काढायच्या. वर्षाचा विषय निघाला की, “छान आहे ती,” एवढंच. मी खोदून पाहिलं. बाईंनी विषय बदलला, आणि त्यांना विषय बदलता येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पावसाळा सरता सरता बाई गेल्या. झोपेतच. आम्ही दोघी टिटवाळ्याला गेलो. जुन्या मुलींनी खोली भरली होती. कुणी म्हणत होती, मी अजून मेथी निवडताना दोन जुड्या उन्हात धरते, कुणी म्हणत होती, नवरा ‘सेमच आहे’ म्हणाला की अजून भांडते. रडता रडता सगळ्या हसत होत्या. वर्षा भिंतीला टेकून बसली होती, एकटी, आणि आमच्या कुणापेक्षाही जास्त रडली.

परत निघालो तेव्हा गाडीला वेळ होता. टिटवाळ्याच्या फलाटावर आम्ही एका बाकावर बसलो. इतके महिने मी तोंड आवरलं होतं. आता नाही आवरलं.

“वर्षा, तू बाईंना काय सांगितलंस?”

ती समोरच्या रुळांकडे बघत होती. “कशाबद्दल?”

“कशाबद्दल काय! कॉमर्सबद्दल. तुला हवं होतं की नव्हतं?”

वर्षाने पदराने चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “ते माझं आणि बाईंचं आहे, हर्षा,” ती म्हणाली.

“अगं, मला तरी सांग!”

“नाही सांगणार.”

रागाने म्हणत नव्हती. अगदी सुखाने म्हणत होती. मला मात्र राग आला, वाईट वाटलं, आणि मग कसा कोण जाणे इतका आनंद झाला की हे जाऊन बाईंना कधी एकदा सांगते असं झालं. मी उठून उभीसुद्धा राहिले. मग आठवलं, आणि पुन्हा तिच्याशेजारी बसले.